केस हे साधन: मानवी केसांतील कॉर्टिसॉल-मापनाचा इतिहास आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना

मनुष्याच्या डोक्यावरील केस महिन्याला सरासरी एक सेंटिमीटर वाढतो. या साध्या निरीक्षणावर गेल्या पाव शतकात एक संशोधनशाखा उभी राहिली आहे. डोक्याच्या मागील भागातून कातडीलगत केसांची एक बारीक बट कापून घ्यावी, मुळाकडील तीन सेंटिमीटरांचा तुकडा वेगळा करावा आणि त्यातील कॉर्टिसॉल मोजावे. मागील तीन महिन्यांत त्या व्यक्तीच्या शरीरात हे संप्रेरक किती स्रवले असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, असे या शाखेचे मूळ प्रतिपादन आहे. कॉर्टिसॉल हे ताणाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे प्रमुख संप्रेरक असल्याने केस म्हणजे सोसलेल्या ताणाची नोंदवहीच, ही कल्पना साहजिकच पुढे आली.

ही कल्पना इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी अशी आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर तपासणी करून अस्सल समकालीन पत्रांचे महत्त्व प्रतिपादन केले. बखर घटनेनंतर आठवणीवर लिहिली जाते, पत्र घटनेच्या वेळी लिहिले जाते. ताणाच्या अभ्यासात प्रश्नावली भरून देणाऱ्या माणसाचे उत्तर हे बखरीसारखे व केस हा अस्सल कागदासारखा, असा काहीसा समज प्रारंभीच्या लेखनात आढळतो. परंतु अस्सल कागदही भिजतो, त्याला कसर लागते आणि तो वाचणाऱ्याचीही चूक होऊ शकते. केसाच्या बाबतीत हे सर्व कसे घडते, आणि ते लक्षात घेतले नाही तर काय होते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ताणाच्या मोजमापाची पूर्वपीठिका

भय, भूक, वेदना व क्रोध यांच्या प्रसंगी शरीरात होणाऱ्या बदलांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९३६ मध्ये माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांचे एक अगदी छोटे टिपण 'नेचर' या नियतकालिकात आले. थंडी, शस्त्रक्रियेची इजा, अतिश्रम, विषारी द्रव्याची मात्रा अशा परस्परांशी संबंध नसलेल्या कारणांनी उंदरांच्या शरीरात मात्र एकाच प्रकारचे बदल होतात, हे त्यांना दिसले होते. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस ग्रंथी आक्रसते, जठराला व्रण पडतात. कारणे अनेक पण प्रतिसाद एक, या निरीक्षणातून ताणाची आधुनिक संकल्पना घडली. आज 'ताण' हा शब्द घराघरांत वापरला जातो, पण त्याचा हा अर्थ शंभर वर्षांचाही नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन हे दोघे स्वतंत्रपणे अधिवृक्क ग्रंथीतील द्रव्ये वेगळी करीत होते. पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखले गेलेले द्रव्य केंडॉल यांच्या यादीत 'ई' या अक्षराने व कॉर्टिसॉल 'एफ' या अक्षराने नोंदलेले होते. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोनचा प्रयोग केला आणि १९५० मध्ये या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

द्रव्य हाती आले तरी त्याचे मोजमाप ही वेगळी अडचण होती. रक्तातील कॉर्टिसॉल स्थिर नसते. पहाटे ते चढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या तासाच्या सुमारास शिखर गाठते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. रक्त काढण्यासाठी सुई टोचली की तेवढ्यानेही ते वाढू शकते. लाळेत मोजल्यास सुईची भीती टळते, चोवीस तासांचे मूत्र साठविल्यास एका दिवसाचा हिशेब मिळतो. परंतु यांपैकी कोणतेही साधन काही मिनिटे, तास किंवा फार तर एक दिवस यापलीकडे जात नाही. बेकारी, आजारी माणसाची शुश्रूषा, युद्ध किंवा कारावास ही महिनोन्महिने चालणारी दुःखे आहेत. त्यांच्यासाठी असे साधन हवे होते की जे आपोआप नोंद ठेवते व मागे वळून वाचता येते.

केसाकडे लक्ष कसे गेले

केसातून भूतकाळ वाचण्याचा प्रयत्न प्रथम विषांच्या बाबतीत झाला. सेंट हेलेना बेटावर १८२१ मध्ये मरण पावलेल्या नेपोलियनच्या केसांत आर्सेनिकचे प्रमाण फार असल्याचे १९६१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्यावर विषप्रयोग झाला होता या तर्काला बळ मिळाले. हा तर्क पुढे दशकानुदशके चालला. २००८ मध्ये इटालियन शास्त्रज्ञांनी नेपोलियनच्या बालपणीचे, एल्बा बेटावरील वास्तव्यातील व मृत्यूच्या वेळचे केस, तसेच त्याचा पुत्र आणि सम्राज्ञी जोसेफीन यांचे केस एकत्र तपासले. आर्सेनिक सर्वांच्याच केसांत होते व आजच्या तुलनेत सुमारे शंभरपट होते. त्या काळच्या माणसांच्या सभोवताली आर्सेनिकच अधिक होते, एवढाच त्याचा अर्थ. एका सुट्या कागदावरून निष्कर्ष काढला, तुलनेसाठी समकालीन दुसरे कागद पाहिलेच नाहीत, असा हा प्रकार होय. केसांतील कॉर्टिसॉलच्या इतिहासात हीच चूक पुन्हा डोके वर काढताना दिसते.

१९७९ मध्ये अमेरिकेत केसांतून अफूजन्य द्रव्यांचे सेवन ओळखता येते हे दाखविण्यात आले आणि न्यायवैद्यकात केसांची तपासणी रुळली. शरीरात स्वाभाविकपणे असणाऱ्या संप्रेरकांचे मापन त्या मानाने उशिरा सुरू झाले, कारण केसाच्या एका मिलिग्रॅममध्ये कॉर्टिसॉल काही पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्ष कोट्यंशाच्या काही पट, एवढेच असते. २००२ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी हायरॅक्स या खडकांत राहणाऱ्या लहान वन्य प्राण्याच्या केसांत संप्रेरके मोजली. २००४ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर येथून मानवी केसांतील नैसर्गिक कॉर्टिसॉल व कॉर्टिसोन यांचे मापन प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये ऱ्हीसस माकडांवरील प्रयोग आला: माकडांना एका वसतिस्थानातून दुसरीकडे हलविल्यावर त्यांच्या केसांतील कॉर्टिसॉल वाढले आणि वर्षभराने पुन्हा उतरले. माकडांना प्रश्नावली देता येत नाही. तरीही त्यांच्या स्थलांतराची नोंद केसात उतरलेली होती. या प्रयोगाने अनेकांचे लक्ष वेधले. २००७ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथून गर्भवती स्त्रियांच्या आणि अतिदक्षता विभागातील नवजात अर्भकांच्या केसांचे अभ्यास प्रसिद्ध झाले. अर्भकाला जितके अधिक दिवस कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले तितके त्याच्या केसांतील कॉर्टिसॉल अधिक आढळले. जन्मतः असलेले केस गर्भातच वाढलेले असतात, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्याकडे जावळ काढताना केवढा दप्तरखाना वस्तऱ्याखाली जातो याची कल्पना येते.

पेरूमधील मृतांचे केस

या शाखेचा इतिहासाशी सर्वांत थेट संबंध आला तो २०१० मध्ये. कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठाच्या संशोधकांनी पेरूमधील पाच पुरातत्त्वीय स्थळांवरील दहा व्यक्तींचे केस तपासले. या व्यक्तींचा काळ इसवी सन ५५० ते १५३२ असा पसरलेला आहे. १५३२ हे पिझारोच्या स्वारीचे व इंका सत्तेच्या ऱ्हासाच्या प्रारंभाचे वर्ष. कोरड्या हवेमुळे तेथील दफनांत केस शतकानुशतके टिकतात. संशोधकांनी प्रत्येकाच्या केसाचे मुळापासून टोकाकडे तुकडे केले आणि तुकड्यागणिक कॉर्टिसॉल मोजले. अनेक व्यक्तींच्या बाबतीत मृत्यूच्या लगतच्या काळात कॉर्टिसॉल चढलेले आढळले. शिवाय बहुतेकांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत चढाचे एकाहून अधिक प्रसंग येऊन गेल्याचे दिसले.

अँडीज प्रदेशात लेखनकला नव्हती, गाठींच्या दोऱ्यांच्या नोंदी होत्या. त्या समाजातील एका सामान्य माणसाची अखेरची दोन वर्षे कशी गेली हे सांगणारे कोणतेही साधन इतिहासकाराजवळ नव्हते. हाडे दीर्घकालीन कुपोषण सांगतात, दात बालपण सांगतात. महिन्यामहिन्याची हकिकत ती सांगत नाहीत. केस ती सांगू लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु येथेच साधनचिकित्सेची खरी कसोटी लागते. जिवंत माणसांच्या अभ्यासात असे आढळले आहे की केसाच्या मुळाकडून टोकाकडे जाताना कॉर्टिसॉल सामान्यतः कमी होत जाते. टोकाकडील भाग जुना असतो, तो अधिक वेळा धुतला जातो, अधिक काळ उन्हात राहतो. त्यातील द्रव्य झिजते. मग मृत व्यक्तीच्या केसात मुळाशी कॉर्टिसॉल जास्त व टोकाशी कमी दिसले तर ती मृत्यूपूर्वीची वेदना मानायची की नुसती झीज? केवळ एका दिशेने उतरत जाणारा आलेख असता तर या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड होते. पेरूच्या अभ्यासात मात्र मध्येच चढ, मग उतार, पुन्हा चढ अशी वळणे आहेत आणि झिजेने चढ निर्माण होत नाही. म्हणून त्या अभ्यासातील मृत्यूपूर्वीच्या वाढीपेक्षा मधल्या काळातील चढउतार हाच अधिक भक्कम पुरावा मानावा लागतो, जरी वृत्तपत्रांनी लक्ष पहिल्या गोष्टीकडेच दिले. पुढे २०१५ मध्ये याच गटाने केसांतील समस्थानिकांचे विश्लेषण कॉर्टिसॉलच्या जोडीला घेतले. आहारातील बदल समस्थानिकांतून कळतो व तो कॉर्टिसॉलच्या चढाशी ताडून पाहता येतो. एका साधनाची साक्ष दुसऱ्या साधनाने तपासावी, हा इतिहासशास्त्राचा जुना नियमच येथे प्रयोगशाळेत शिरला.

केसातील प्रमाण कशाकशाने बदलते

२००९ मध्ये जर्मनीतील क्लेमेन्स किर्शबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केसांतील कॉर्टिसॉलला मागे वळून पाहण्याची दिनदर्शिका असे संबोधले. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत रक्तातील कॉर्टिसॉल पुष्कळ वाढते हे ज्ञात होते. नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या केसाच्या त्या काळाशी जुळणाऱ्या तुकड्यात ही वाढ त्यांना सापडली. दिनदर्शिका खरी ठरली; पण तिची मागची पाने फिकट होतात, हेही याच अभ्यासात दिसून आले. त्यामुळे मुळापासूनच्या काही सेंटिमीटरांपलीकडे फारसा भरवसा ठेवू नये, असा संकेत रूढ झाला.

वारंवार धुण्याने व रंग लावण्याने कॉर्टिसॉल घटते. प्रयोगशाळेत केस पाण्यात भिजवून ठेवले किंवा उन्हात ठेवले तरी ते घटते. डोक्याच्या निरनिराळ्या भागांतील केसांत प्रमाण निरनिराळे असते. मागील भागात हा फरक कमी असल्याने तेथूनच नमुना घेण्याची पद्धत पडली. महिन्याला एक सेंटिमीटर ही वाढही सरासरी आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत केस त्याहून मंद वाढतो, म्हणजे तीन सेंटिमीटरांचा तोच तुकडा त्यांच्या बाबतीत तीन महिन्यांहून मोठा काळ सांगतो. डोक्यावरील दहा-पंधरा टक्के केस कोणत्याही वेळी विश्रांतीच्या अवस्थेत असतात आणि त्यांचा काळ थांबलेला असतो. महाराष्ट्रात असा अभ्यास योजणाऱ्याला रोजचे तेल, मेंदी, नवसाचे मुंडन आणि पितृनिधनानंतरचे क्षौर यांची चौकशी आधी करावी लागेल. युरोपात तयार झालेल्या प्रश्नपत्रिकेत त्यांना रकाना नाही.

दुसऱ्या प्रकारचे घटक शरीरातील आहेत. पुरुषांच्या केसांत कॉर्टिसॉल स्त्रियांपेक्षा अधिक आढळते. वयाचाही परिणाम होतो. लहान मुलांत व वृद्धांत ते अधिक दिसते. कमरेचा घेर व वजन यांच्याशी त्याचा संबंध आहे. पाळीत काम करणाऱ्या, विशेषतः तरुण, कामगारांत ते दिवसपाळीच्या कामगारांपेक्षा अधिक असल्याचे नेदरलँड्समधील अभ्यासात २०११ मध्ये दिसून आले. पुढच्या वर्षी जर्मनीतील अभ्यासात लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्येही ते वाढलेले आढळले. धावपटू स्वखुशीने धावतो आणि रात्रपाळीचा कामगार नाइलाजाने जागतो. केस हा फरक करीत नाही. दमा किंवा त्वचारोगासाठी घेतलेली स्टिरॉइड औषधे तर शरीराचा स्वतःचा स्रावच बदलून टाकतात, आणि काही चाचण्यांना औषध कोणते व संप्रेरक कोणते हेही नीट ओळखता येत नाही.

तिसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. केसातील कॉर्टिसॉल रक्तातूनच आलेले असते का? २००५ मध्ये असे दाखविण्यात आले की केसाचे मूळ स्वतःही कॉर्टिसॉल तयार करू शकते. मेंदू, पीयूषिका ग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी यांची जी साखळी शरीरात आहे तिची छोटी प्रतिकृती केसाच्या मुळाशी आहे. २०१२ मध्ये गिनिपिगांना किरणोत्सर्गी खूण केलेले कॉर्टिसॉल टोचण्यात आले, तेव्हा त्याचा फारच थोडा अंश केसात पोचल्याचे आढळले. याउलट कुशिंग विकाराच्या रुग्णांत, ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल बेसुमार स्रवते, केसांतील प्रमाण आजाराबरोबर चढते व उपचाराबरोबर उतरते. म्हणजे केस राजधानीची बातमी देतो, पण तिच्यात गावची बातमीही मिसळलेली असते.

मोजण्याच्या पद्धतीचाही प्रश्न आहेच. प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी स्वस्त असली तरी तिचे आकडे मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या आकड्यांपेक्षा बरेच मोठे येतात. २०१५ मध्ये काही प्रयोगशाळांनी एकच नमुने आपापल्या पद्धतीने मोजून पाहिले. आकड्यांचा क्रम पुष्कळसा जुळला, प्रत्यक्ष आकडे जुळले नाहीत. त्यामुळे अमुक पिकोग्रॅमच्या वर म्हणजे ताण, अशी सर्वमान्य रेषा आखता येत नाही.

माणसाची साक्ष आणि केसाची साक्ष

२०१७ मध्ये टोबियास श्टाल्डर व सहकाऱ्यांनी ६६ अभ्यासांतील १०,२८९ व्यक्तींची माहिती एकत्र करून तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ताणाखाली असलेल्या गटांत केसांतील कॉर्टिसॉल सरासरीने २२ टक्के अधिक होते. ताण अभ्यासाच्या वेळीही चालूच असेल तर वाढ ४३ टक्के होती. ताण संपून गेलेला असेल तर वाढ आढळली नाही. आघातोत्तर विकार व इतर चिंताविकार असलेल्यांत तर ते १७ टक्क्यांनी कमी होते. सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी की 'मला किती ताण जाणवतो' या प्रश्नाला लोकांनी दिलेली उत्तरे आणि त्यांच्या केसांतील कॉर्टिसॉल यांचा सुसंगत संबंध आढळलाच नाही.

या निष्कर्षाचे दोन अर्थ लावले जातात. एक असा की माणूस स्वतःबद्दल नीट सांगू शकत नाही, केस खरे सांगतो. या बाजूने काही पुरावाही आहे: इस्रायलमधील कफर साबा येथे हृदयविकाराचा झटका आलेल्या ५६ पुरुषांच्या केसांत, इतर कारणांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५६ पुरुषांपेक्षा, आधीच्या तीन महिन्यांतील कॉर्टिसॉल अधिक आढळले होते. दुसरा अर्थ असा की दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल सांगत आहेत. केस ग्रंथीच्या कामाची नोंद ठेवतो, अपमानाची ठेवत नाही. वर्षानुवर्षे भय सोसलेल्या माणसाच्या ग्रंथीचा प्रतिसाद मंदावलेला असू शकतो. त्याच्या केसातील कमी आकडा पाहून त्याला काहीच झालेले नाही असे म्हणणे म्हणजे दुष्काळी गावातून सारा आला नाही म्हणून तेथे पीकच लावले नव्हते असे म्हणण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखाला दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो.

हा वाद केवळ शास्त्रीय राहत नाही, हे टोरोंटोनेच दाखवून दिले. वर उल्लेखिलेला गर्भवती स्त्रियांचा अभ्यास ज्या मदरिस्क कार्यक्रमातून प्रसिद्ध झाला, त्याची प्रयोगशाळा बालसंरक्षण यंत्रणांसाठी पालकांच्या केसांतील मादक द्रव्ये व मद्य यांच्या चाचण्याही करीत असे. तो कॉर्टिसॉलचा प्रश्न नव्हता, पण साधन तेच होते आणि त्याच्यावरील विश्वासही तसाच होता. आई म्हणे की आपण व्यसन सोडले आहे. केसाचा अहवाल म्हणे की नाही. न्यायालये अहवालाला मान देत. २०१४ मध्ये एका फौजदारी अपिलात या चाचण्यांविषयी शंका उपस्थित झाली, २०१५ च्या वसंत ऋतूत त्या थांबविण्यात आल्या आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये माजी न्यायमूर्ती सुझन लँग यांच्या अहवालाने २००५ ते २०१५ या काळातील चाचण्या न्यायालयीन कामासाठी अपुऱ्या व अविश्वसनीय ठरविल्या. प्राथमिक चाचणीचे आकडे अधिक काटेकोर पद्धतीने पडताळून न पाहताच अंतिम म्हणून दिले गेले होते. त्यानंतर नेमलेल्या ज्युडिथ बीमन आयोगाने १,२७१ प्रकरणे तपासली आणि त्यांपैकी ५६ प्रकरणांत या अहवालांचा निर्णयावर मोठा परिणाम झाल्याचे २०१८ मध्ये नमूद केले. यांतील बहुतेक कुटुंबे गरीब होती आणि मूळनिवासी कुटुंबांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक होते. मुले तोपर्यंत दत्तक दिली गेली होती, नव्या घरी रुळली होती. परत आली ती फारच थोडी.